गोल गाडीचं शहर

एजंटने पेनाचं टोपण काढलं आणि कंडक्टरने खुर्चीचा हात घट्ट धरला.

कंडक्टर म्हणजे खाकी कपड्यातला, खांद्याला तिकिटांची पिशवी लावलेला कुणी बाप्या नव्हे. ती आजोबांची नात. वय वर्षं पंधरा, केसांचा रबर केसांत कमी आणि मनगटात जास्त. शाळेत तिला पहिल्या बाकावर बसवलं होतं ते हुशार म्हणून नव्हे, बाईंच्या हाताशी असावी म्हणून. तीन वर्षांची असताना ती आजोबांच्या बसमध्ये त्यांच्या सीटमागच्या दांड्याला लोंबकळायची आणि खरा कंडक्टर मोठ्या मनाने घंटीची दोरी तिच्या हातात द्यायचा. तेव्हापासून आजोबांनी तिला दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती.

घंटीचा कायदा सोपा. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. ड्रायव्हरने मागे वळून बघायचं नाही, कारण विचारायचं नाही. आजोबांनी हा कायदा चौतीस वर्षं पाळला आणि निवृत्त झाल्यावर तो घरी घेऊन आले. चहात साखरेचा तिसरा चमचा पडायला लागला की नात टेबलावर एकदा टकटक करायची. हात जागच्या जागी थांबायचा. त्याच चमच्यासाठी आजीने कितीही तोंडाची वाफ दवडली तरी तो कधी थांबला नव्हता. आजी म्हणायची, पोरखेळ आहे सगळा.

आत्ता ते तिघे एका रिकाम्या फ्लॅटमध्ये, प्लास्टिकच्या तीन खुर्च्यांवर बसले होते. चौथीवर एजंट. नव्या रंगाचा वास, उघड्या खिडकीतून आलेली धूळ, आणि मधल्या स्टुलावर विसाराची पावती. दोन खोल्या, पहिला मजला, संडासात धरायला दांडा. एजंट बोलायला गोड होता, पण घड्याळाकडे बघायचा फार. सहा वाजता दुसरी पार्टी येणार होती. तो म्हणाला, "काका, मी कुणाला घाई करत नाही. पण सहानंतर माझ्या हातात काही राहत नाही." पाऊण तासात हे वाक्य त्याने चौथ्यांदा टाकलं होतं. भिंतीवर घड्याळ नव्हतं म्हणून बरं. त्याच्या मनगटावरचंच एवढं टिकटिकत होतं.

साडेचार वाजायला आले होते.

हे तिसरं शहर. अकरा दिवस तिघे हिंडत होते. जिथे जन्म काढला त्या महानगरात आता भाडं पेन्शनच्या डोक्यावर जाऊन बसलं होतं, आणि चार मजल्यांचे जिने आजीच्या गुडघ्यांना पेलत नव्हते. खेड्यात जावं तर तिथे दवाखाना म्हणजे आठवड्यातून दोनदा उघडणारं एक दार. म्हणून मधलं काहीतरी. फार मोठं नको, फार लहान नको. अंगापेक्षा बोंगा नको. आईला सुट्टी नव्हती, म्हणून तिने शाळेची सुट्टी लागलेल्या लेकीला दोघांच्या सोबतीला धाडलं. म्हातारा-म्हातारीची सोबत करायला हिला पाठवलं की हिच्या सोबतीला त्यांना, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं.

पहिलं शहर तळ्याकाठचं. आजोबा बघताक्षणी फिदा. दुसरं चढ-उताराचं, तिथे आजीने बसस्टँडवरूनच मान हलवली. आणि प्रत्येक ठिकाणी आजी निळी वही उघडून तेच तीन प्रश्न विचारायची. हॉस्पिटल किती लांब? पायऱ्या किती? आणि तिसरा ऐकून एजंट लोक एकमेकांकडे बघायचे: "इथे गोल फिरणारी बस आहे का?"

तळ्याकाठच्या एजंटने विचारलं होतं, "गोल म्हणजे?"

"म्हणजे जिथून निघाली तिथेच परत येणारी. मध्ये कुठे शेवटचा स्टॉप नसलेली."

तशी तिथे नव्हती. आजोबा हसून लोटपोट झाले. म्हणाले, आमच्या सिस्टरना ड्रायव्हरशी संसार करून बसचा मोह काही सुटत नाही. सिस्टर म्हणजे आजी. एकतीस वर्षं सरकारी इस्पितळात सिस्टर होती. घरीदारी तिला सगळे तेच म्हणत. नातही तेव्हा हसली होती. या तिसऱ्या शहरात मात्र अशी बस होती. निळी, बावीस स्टॉपची, बरोबर या फ्लॅटच्या समोरून जाणारी. गावात सगळे तिला गोल गाडी म्हणत. हा फ्लॅट तळ्याकाठच्यापेक्षा महाग, बाल्कनी नाही, खिडकीतून दिसतं काय तर समोर शिंप्याचं दुकान आणि त्यामागे पाण्याची टाकी. तरी आजी हट्टाला पेटली. आणि आश्चर्य म्हणजे आजोबांनी फार ताणलं नाही. "कुठेही चल," म्हणाले. "पण लवकर चल."

ते लवकर का म्हणतात, हे फक्त नातीला माहीत होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

दोन महिन्यांपूर्वी आजोबा तिला पोहण्याच्या क्लासहून स्कूटरवर घरी आणत होते. जुन्या पोस्टाच्या चौकात सिग्नल हिरवा झाला. स्कूटर हलली नाही. मागून हॉर्न वाजायला लागले. आजोबा पुढे बघत म्हणाले, "आता कुठे, कंडक्टर?"

"नाटकं पुरे," ती ओल्या केसांतून हसत म्हणाली. मग स्कूटरच्या आरशात तिला त्यांचा चेहरा दिसला. एकोणीस वर्षं त्या माणसाने त्याच चौकातून दिवसाला आठ वेळा बस वळवली होती. आणि आता तो चौकाकडे असा बघत होता, जणू परक्याच्या घरात झोपेतून उठलाय.

तिने त्यांच्या डाव्या खांद्यावर बोट टेकवलं. स्कूटर डावीकडे वळली.

घराखाली पोचल्यावर ते म्हणाले, "हे आपल्या दोघांत. ड्रायव्हरची चूक कंडक्टर डेपोत सांगत नाही."

तिने मान डोलावली. इमानदार कंडक्टर ना. दुसऱ्यांदा ते इस्त्रीचे कपडे आणायला गेले आणि दोन तास आलेच नाहीत. तिला ते बसच्या शेवटच्या स्टॉपवर, बाकड्यावर, मांडीवर कपड्यांचं गाठोडं घेऊन बसलेले सापडले. आजीला तिने ठोकून दिलं की आम्ही आइसक्रीम खायला गेलो होतो. पुरावा म्हणून आजीसाठीही एक आणलं. ते वाटेतच वितळून पाणी झालं होतं. आजीने ते वाटीत ओतलं, चमच्याने शांतपणे संपवलं, आणि एक शब्द बोलली नाही.

त्या दिवसापासून नातीची गत इकडे आड तिकडे विहीर. सांगावं तर आजोबांचा विश्वास मोडतो. न सांगावं तर आजोबा एका अशा शहरात जाणार जिथल्या एकाही वळणाची त्यांच्या हातांना ओळख नाही. जुन्या शहरात ते चुकले तरी ती होती, दोन गल्ल्या पलीकडे. इथे ते चुकले तर खांद्यावर बोट कोण टेकवणार? गुडघे दुखणारी, काहीच माहीत नसलेली आजी? आणि रोज तिच्या मनात आणखी एक किडा वळवळायचा: तू हे त्यांच्यासाठी म्हणतेयस, की ते दूर जाऊ नयेत म्हणून? या प्रश्नाचं उत्तर तिला देता येत नव्हतं. जिला वर्गात प्रश्न संपायच्या आत उत्तर सापडायचं, तिला.

"इथे, काका. फुलीच्या पुढे," एजंट म्हणाला.

आजोबांनी पेन घेतलं. चष्मा वर सरकवला. आजी खिडकीकडे बघत होती. पेनाचं टोक कागदाच्या दिशेने निघालं. नातीने स्वतःला सांगितलं की गप्प बस. एकदा सही झाली की विसार परत नाही, हेही एजंटने चारदा सांगितलं होतं.

तिने खुर्चीच्या हातावर बोटाचं पेर आपटलं. एकदाच.

आजोबांचा हात थांबला. कागदापासून बोटभर अंतरावर, हवेत. चौतीस वर्षांची सवय ती.

एजंट कागदाकडे बघत राहिला. "काय झालं? शाई नाही का?"

आजोबांनी वळून पाहिलं नाही. कायदाच तसा होता. पण त्यांचे कान लाल झालेले नातीला मागून दिसले. तिला वाटलं आता ते ओरडतील. त्यापेक्षा वाईट झालं. त्यांनी पेनाला टोपण लावलं, हळूच, जसं कुणी झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं, आणि ते स्टुलावर ठेवलं.

आजीने एजंटला सांगितलं की आम्हाला दहा मिनिटं द्या. तो सहा वाजताचं पुन्हा म्हणणार होता, पण आजीकडे बघून त्याने ते गिळलं. इस्पितळात अख्खा वॉर्ड जिच्या भुवयांवर चालायचा त्या बाईपुढे त्याची काय कथा. तो खाली गेला.

"बोल," आजोबा नातीला म्हणाले. आवाज सपाट होता. "थांबवलंस ना? सांग आता डेपोत."

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

खाली शिंप्याचं मशीन चालत होतं, थांबत होतं, चालत होतं. आजोबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. आजीकडे न बघता, जमिनीवरच्या फरशीला सांगावं तसं. पोस्टाचा चौक. इस्त्रीचे कपडे. आणखी एक वेळ, जी नातीलाही माहीत नव्हती: ते स्वतःच्या डेपोच्या फाटकासमोर उभं राहून ही कुठली इमारत म्हणून विचार करत होते, आणि आतून एका जुन्या मेकॅनिकने हात हलवला, तर त्यांनी ओळख असल्यासारखा हात हलवून पाय काढला.

"तिथे मला सगळे ओळखतात, सिस्टर," ते म्हणाले. "म्हणून निघायचं होतं मला. नव्या गावात रस्ता विचारणारा माणूस नवखा असतो. जुन्या गावात तोच माणूस वेडा ठरतो."

नातीला हे कधी सुचलंच नव्हतं. तिला वाटत होतं ते भोळेपणाने निघालेत, पुढचा खड्डा न बघता. ते तर खड्डा बघूनच निघाले होते.

तिने आजीकडे पाहिलं. आजी रडेल, किंवा चिडेल, किंवा दोन्ही. पण आजी पर्स उघडून तिची निळी वही काढत होती. तीच वही, जिच्यात तिन्ही शहरांतल्या पायऱ्या आणि अंतरं लिहिली होती. तिने ती मागच्या बाजूने उघडली. तिथे तारखा होत्या. पहिली तारीख मागच्या वर्षीची.

"शेजाऱ्यांच्या दाराला आपली किल्ली लावत उभे होतात," आजी म्हणाली. "दहा मिनिटं. मी जिन्यातून बघत होते."

आजोबांनी वहीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"मग तू बोलली का नाहीस?" नात म्हणाली. तिला राग आला होता, सगळ्यांत जास्त त्या आइसक्रीमचा. "मी दोन महिने खोटं बोलतेय तुझ्याशी. झोप नाही मला."

"माहीत आहे. चांगलं बोलत नाहीस खोटं." आजी वही मिटत म्हणाली. "पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला चार्ज देते. कुणाला काय झालंय, एकूण एक सांगते. न सांगता घरी गेली तर माणूस दगावतो. मी वर्षभर वाट बघत होते की हे कधी चार्ज देतात. मीच वर्षभर गप्प बसले आणि म्हणते काय, वाट बघत होते. तेही काही शहाणपण नव्हतं."

मग ती खिडकीशी गेली. खाली निळी बस येऊन थांबली होती. तिने काच बोटाने ठोकली. म्हणाली की तिसरा प्रश्न तिने उगीच विचारला नव्हता. या गाडीला शेवटचा स्टॉप नाही. माणूस कुठेही चढो, कितीही चुको, नुसता बसून राहिला तरी गाडी त्याला दारात आणून सोडते. "मला गुडघ्यांनी तुमच्यामागे धावता येणार नाही. म्हणून धावणारं शहर शोधलं. आणि परवा सकाळी इथल्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. मी आधी सांगणार नव्हते, आता सांगते."

ही शेवटची बातमी आजोबांना सर्वांत कमी आवडली. ते उठले, शर्टाची बटणं तपासली, बाह्या खाली केल्या. ड्युटीवर निघताना करायचे तसं.

"नव्या रूटवर ड्रायव्हर आधी रिकामी गाडी फिरवून आणतो," ते म्हणाले. "मग माणसं घेतो. मी एक फेरी मारणार. तुम्ही दोघी बरोबर या, पण तोंडं बंद. उतरायची घंटी मी देणार. मला हा स्टॉप ओळखू आला, तर येऊन सही करतो. नाही आला, तर डॉक्टर-बिक्टर काही नको, उद्याच्या गाडीने परत घरी. कबूल?"

आजी काही म्हणायच्या आत ते जिना उतरायला लागले होते.

स्टॉपवर आजोबांनी खुणा पक्क्या केल्या. ते पुटपुटत होते, आणि नात जवळ उभी राहून ऐकत होती. शिंप्याच्या दुकानाची पाटी नको, पाटी बदलते. दुकानातला बिनडोक्याचा पुतळा नको, तो आत-बाहेर होतो. टाकी. टाकी कुठे जात नाही. उजव्या हाताला, पांढरी, वर लोखंडी शिडी. त्यांनी ते तीनदा म्हटलं.

बस आली. पावणेपाचला पाच कमी. गाडीच्या खऱ्या कंडक्टरने, एका ढेरपोट्या उत्साही गृहस्थाने, कुठे जायचं विचारलं. आजोबा म्हणाले, "इथेच." त्याने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पूर्ण फेरीची तीन तिकिटं फाडली. त्याला असे हवा खायला निघालेले म्हातारे नवीन नसावेत.

आजोबा उजव्या खिडकीशी बसले. मागच्या सीटवर आजी आणि नात. पहिले काही स्टॉप मजेत गेले. आजोबा ड्रायव्हरच्या मानेकडे बघून मनातल्या मनात गिअर टाकत होते. त्यांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबत होता. एकदा ड्रायव्हरने उशिरा ब्रेक मारला तेव्हा त्यांनी 'च्' केलं. भाजी बाजार गेला, कॉलेज गेलं, हॉस्पिटलचं लांबलचक कुंपण गेलं. रेल्वेफाटक बंद होतं, तिथे सात मिनिटं गेली. नात स्टॉप मोजत होती. अकरा. बारा.

अठराव्या स्टॉपनंतर आजोबा स्थिर झाले. त्यांनी खिडकीची कड धरली. वीस. एकवीस. मग एक उतार, उताराच्या पायथ्याशी डावं वळण, आणि वळण संपताच समोर टाकी. पांढरी. लोखंडी शिडी. उन्हात एवढी लख्ख की आंधळ्यालाही दिसावी. घंटीची दोरी आजोबांच्या डोक्यावरून वीतभर अंतरावर जात होती.

आजोबांनी टाकीकडे पाहिलं. चांगलं मान वर करून, शिडीपासून टोकापर्यंत. आणि मग त्यांची नजर टाकीवरून घसरून पुढच्या झाडांवर गेली.

नातीचा हात आपोआप वर गेला. आजीने तिचं मनगट पकडलं. त्या पकडीत एकतीस वर्षांची नोकरी होती, हात हलेना. शिंप्याचं दुकान आलं. बिनडोक्याचा पुतळा आला. स्टॉपवर ना कुणी उभं, ना कुणाला उतरायचं. बस जराशी मंदावली आणि थांबलीच नाही. फ्लॅटच्या फाटकाशी किल्ल्यांचा जुडगा फिरवत उभा असलेला एजंट एका काचेतून दुसऱ्या काचेत सरकला आणि मागे पडला.

झालं. उद्याच्या गाडीने परत घरी. तिला जे हवं होतं नेमकं तेच झालं होतं, आणि तिला असं रडू फुटलं की तिने तोंडात शर्टाची बाही कोंबली. किड्याला उत्तर मिळालं होतं. तिला हे नको होतं.

पुढच्या स्टॉपवर आजोबांनी विचारलं. मागे न वळता. "गेला का?"

"गेला," आजी म्हणाली.

त्यांची मान खाली गेली. नातीला आठवतंय तेव्हापासून ती मान ताठ होती. आता शर्टाच्या कॉलरमधून मणके दिसले. ते उठायला लागले. "चला. उतरू. चालत जाऊ मागे."

"बसा," आजी म्हणाली.

"ठरलं होतं ना, सिस्टर."

"तुमचं ठरलं होतं. मी कुठे कबूल म्हटलं? जिना उतरत होतात तुम्ही." तिने पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना खाली बसवलं. "स्टॉप गेला. पन्नास मिनिटांनी पुन्हा येईल. मग पुन्हा गेला तर पुन्हा येईल. याच्यासाठीच तर घेतलंय हे गाव. तुम्हाला पहिल्याच फेरीत पास व्हायचं असतं, तेवढंच चुकतं तुमचं."

गाडीचा खरा कंडक्टर मागून आला. तिकीट संपलं होतं. "आता कुठपर्यंत?" त्याने विचारलं.

"तोच स्टॉप," आजी पैसे काढत म्हणाली. "पुढच्या फेरीतला."

त्याने एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा नातीच्या चुरगळलेल्या बाहीकडे. तिकिटं त्याने दोनच फाडली. नातीकडे बोट करून म्हणाला, "ही स्टाफ दिसते."

ती हसली, रडता रडताच, आणि तिला उचकी लागली.

दुसरी फेरी पहिलीपेक्षा लांब वाटली. बाजार, कॉलेज, हॉस्पिटल. रेल्वेफाटक या वेळी उघडं होतं. सहा वाजले तेव्हा आजीच्या पर्समधला फोन वाजला. एजंट. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. आजीने पर्सची चेन ओढून घेतली. संडासातला दांडा, पहिला मजला, सगळं त्या चेनमागे घणघणत राहिलं. नातीने डोळ्यांनी विचारलं. आजीने ओठ मिटून मान हलवली.

आजोबा आता खुणा बघत नव्हते. खिडकीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. नातीला वाटलं त्यांनी नाद सोडला. एकवीस. गाडी उताराला लागली.

मग तिला त्यांचा बूट दिसला. उजवा. सीटखालच्या पत्र्यावर तो हळूच दाबला गेला. ड्रायव्हरने ब्रेक मारायच्या आधी. वळण यायच्या आधी. उतार पायाला कळला होता. पहिल्या फेरीत डोळे टाकी पाठ करत होते, तेव्हा पाय गपचूप उतार पाठ करत बसला होता.

बूट आणखी दाबला गेला. आजोबांनी मान वर केली, गोंधळून, जणू कुणीतरी खालून हाक मारली असावी. गाडी वळली. टाकी आली. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात वर गेला, चाचपडला, दोरी सापडली.

एक टोला.

गाडी शिंप्याच्या दुकानासमोर थांबली. आधी आजोबा उतरले, मग त्यांचा हात धरून आजी, गुडघ्यांना शिव्या देत. सहा वाजून वीस. फाटकातून एक जोडपं दोन लहान मुलांसह बाहेर येत होतं. बाई हातातली पावती पुन्हा पुन्हा वाचत होती. मागून एजंट आला. चेहरा ओशाळलेला. "मी फोन केले, मावशी," तो म्हणाला. "तीन वेळा."

"केले होते तुम्ही," आजी म्हणाली. पुढे जाणाऱ्या जोडप्याच्या लहान्याला तिने वाट दिली. मग तिने पर्समधून वही काढली, या वेळी पुढच्या बाजूने उघडली. "याच रस्त्यावर दुसरं काय आहे? उताराच्या खाली हवं. वर नको."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. काही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. परवाच्या डॉक्टरांबद्दल असेल, तळ्याबद्दल असेल. मग त्यांचं लक्ष रस्त्याकडे गेलं आणि कपाळाला आठी पडली. बस अजून तिथेच उभी होती. खरा कंडक्टर दारातल्या दांड्याला रेलून, दोरीला हात न लावता, मजेत नातीकडे बघत होता.

"कंडक्टर," आजोबा म्हणाले. "गाडी अडलीय तुझी."

ती बसच्या मागच्या चाकाशी उभी होती. दारात नव्हती, त्यामुळे दोरी हाताला येत नव्हती. तिने बाहीने नाक पुसलं, तळहात उघडला, आणि निळ्या पत्र्यावर थाप मारली. क्षणभर थांबली. आजोबा फुटपाथवर उभे होते, आजीच्या शेजारी, टाकीकडे पाठ करून.

मग तिने दुसरी थाप मारली, आणि गाडी सुटली.